आंदणात आलेली : ‘ययाति’मधली शर्मिष्ठा आणि अलका

वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’वर लिहायचं म्हटलं की देवयानी आणि शर्मिष्ठा यांची तुलना ठरलेली. एक गर्विष्ठ, दुसरी सोशिक. एक घेणारी, दुसरी देणारी. बी.ए.च्या पेपरात हा प्रश्न किती वेळा आला असेल त्याची गणती नाही. इंजिनियरिंगला असल्यामुळे मी त्यातून सुटलो, पण घरातल्या बहिणींच्या वह्यांत ही उत्तरं वाचलेली आहेत. उत्तर चुकीचं नाही. पण ती तुलना स्वभावांची झाली. आपल्या मंडळाचा विषय स्वभाव नाही, वाडे, दफ्तरं आणि माणसांचे हक्क हा आहे. म्हणून या टिपणात मी दुसरी जोडी घेतो आहे, शर्मिष्ठा आणि अलका. दोघीही कादंबरीत दासी आहेत. आणि माझ्या मते अख्ख्या कादंबरीत सगळ्यात मोठं सामाजिक अंतर या दोघींमध्येच आहे. देवयानी आणि शर्मिष्ठेत तेवढं नाही.

ज्यांनी वाचून बरीच वर्षं झाली त्यांच्यासाठी थोडक्यात. कादंबरी 1959 ची. 1960 चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला, आणि पुढे 1974 चं ज्ञानपीठ खांडेकरांना मिळालं, मराठीतलं पहिलं. कथा महाभारताच्या आदिपर्वातली. वृषपर्वा या असुर राजाची मुलगी शर्मिष्ठा आणि त्याचे गुरू शुक्राचार्य यांची मुलगी देवयानी, दोघी मैत्रिणी. कपड्यांच्या अदलाबदलीवरून भांडण होतं, शर्मिष्ठा देवयानीला विहिरीत ढकलते, ययाति तिला हात देऊन वर काढतो. देवयानी अट घालते, शर्मिष्ठेनं माझी दासी व्हावं. शुक्राचार्य राज्य सोडून गेले तर संजीवनी विद्या गेली, म्हणून राजा हतबल. मुलगी स्वतः पुढे होते आणि देवयानीच्या लग्नात तिच्याबरोबर हस्तिनापूरला जाते. आमच्या आज्यांच्या भाषेत सांगायचं तर ती आंदणात गेली.

या भांडणाचं मूळ महाभारतात जास्त उघडं आहे. तिथे शर्मिष्ठा देवयानीला सरळ ऐकवते की तुझा बाप माझ्या बापापुढे हात पसरणारा, त्याची स्तुती गाणारा. मी देणाऱ्याची मुलगी, तू घेणाऱ्याची. वर्णाच्या हिशेबानं ब्राह्मणाची मुलगी वर, पण अन्नाच्या हिशेबानं राजाची मुलगी वर. दोन शिड्या आहेत आणि प्रत्येकीला वाटतं आपण वरच्या पायरीवर. मग शुक्राचार्य रुसल्यावर कळतं की खरी सत्ता कुणाकडे होती. ज्याच्याकडे न मिळणारी विद्या आहे तो पगारी असला तरी मालकाला वाकवतो. कारखान्यात काम केलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. बॉयलर बंद पडला की मालक कुणाच्या दारात उभा राहतो ते सगळ्यांना दिसतं.

म्हणजे देवयानी आणि शर्मिष्ठा या दोघी वरच्याच थरातल्या. एक गुरुघराण्यातली, एक राजघराण्यातली. त्यांच्यात जे घडतं ती वरच्या मजल्यावरची उलथापालथ आहे. कादंबरीत ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा हे तिघं आळीपाळीनं ‘मी’ म्हणून बोलतात. शर्मिष्ठा दासी झाली म्हणून तिचा ‘मी’ काढून घेतला जात नाही. लिहिता येणारी, विचार करणारी, आपल्या दुःखाला नाव देऊ शकणारी अशीच ती राहते. कपडे दासीचे, भाषा राजकन्येची.

आता अलका बघा. कलिका ही राजवाड्यातली दासी. राणीनं आपलं रूप जपण्यासाठी ययातीला अंगावर पाजलं नाही, ते काम कलिकेनं केलं. तिची मुलगी अलका. ज्या दुधावर तिचा हक्क होता त्यातलं राजपुत्रानं घेतलं. ययाति मोठा झाल्यावर ही सोनेरी केसांची मुलगी त्याला आवडते. तीही त्याच्यावर जीव लावते. राणीच्या ते लक्षात येतं आणि अलकेला विष दिलं जातं. झालं. एवढंच तिचं आयुष्य. पुढे सगळ्या कादंबरीभर तिच्या सोनेरी केसाची आठवण ययातीच्या मनात चमकत राहते, पण ती त्याची आठवण, तिची नव्हे. अलकेला ‘मी’ म्हणायला एक पान मिळत नाही. कलिकेलाही नाही. मुलीला ज्या घरात मारलं त्याच घरात आईनं पुढे काय केलं असेल, हा प्रश्न मला ययातीच्या सगळ्या पश्चात्तापापेक्षा जड वाटतो.

तिसरी दासी मुकुलिका. बापाच्या आजारपणात मरणाच्या भीतीनं गांगरलेल्या ययातीला ती जवळ घेते, आणि पुढे कादंबरीत ती मोहाची, भोगाची बाजू म्हणूनच येते. म्हणजे जन्मानं दासी असलेल्या बाईला ‘ययाति’मध्ये दोनच जागा आहेत. निरागस बळी, नाहीतर भुरळ घालणारी. धर्म, विवेक, त्याग यांचा विचार करणारी दासी एकच आहे आणि ती मुळात राजकन्या आहे.

इथे मालव्याचा इतिहास समोर ठेवला पाहिजे, कारण आपल्याकडे ही गोष्ट पुराणातली नव्हती. जॉन माल्कमचा मध्य भारतावरचा ग्रंथ 1823 चा. मालव्यातल्या गुलामगिरीबद्दल तो लिहितो तेव्हा तिचं मुख्य लक्षण सांगतो ते हे, की इथे गुलाम प्रामुख्यानं बायका आहेत. सरदारांच्या, ठाकुरांच्या घरी त्यांची संख्या मोठी. दुष्काळात विकल्या गेलेल्या, पळवून आणलेल्या, किंवा अशाच आईच्या पोटी जन्मलेल्या. मराठी कागदांत त्यांच्यासाठी ‘कुणबीण’ आणि ‘बटीक’ हे शब्द येतात. कुणबीण म्हणजे कुणब्याची बायको असं आज आपण समजतो, पण पेशवाईतल्या कागदात हा शब्द दिसला की जरा थांबून वाचावं लागतं. कितीदा तो विकत घेतलेल्या बाईसाठी असतो. तिच्या मुलाला ‘लेकावळा’ म्हणत. राजपूत घराण्यांत गोला-गोली, आणि लग्नात मुलीबरोबर पाठवायची ती डावडी. 1843 चा पाचवा कायदा आला आणि कंपनीच्या मुलखात गुलामाच्या मालकीला कोर्टानं मानायचं नाही असं ठरलं. संस्थानांच्या वाड्यांत मात्र शब्द बदलले, कामं तीच राहिली.

आपला कुक्षी परगणा धार संस्थानात होता. धारच्या किल्ल्याबद्दल आपल्याकडे कुणालाही विचारा, पहिली गोष्ट हीच सांगतील की 10 जानेवारी 1775 ला आनंदीबाईच्या पोटी दुसरा बाजीराव इथे जन्मला. बरोबरच आहे. पण संकटात असलेली ती बाई त्या किल्ल्यात एकटी बाळंत झाली नसणार. पाणी तापवणारी, नाळ कापणारी, रात्र रात्र जागणारी माणसं होतीच. त्यांची नावं आपण विचारत नाही. खांडेकरांनी निदान अलकेला नाव दिलं, चेहरा दिला, केसांचा रंग दिला. हे त्यांच्या बाजूनं नोंदवलंच पाहिजे.

आता महाभारतातला एक तुकडा, जो मला या सगळ्यात सर्वात महत्त्वाचा वाटतो. शर्मिष्ठा ययातीकडे पुत्राची मागणी करते. तो नाही म्हणतो, शुक्राचार्यांनी मला तशी मनाई केली आहे. तेव्हा ती प्रेमाची गोष्टच काढत नाही. ती कायदा काढते. बायको, दास आणि मुलगा या तिघांना स्वतःची मालमत्ता नसते, ते ज्याचे असतील त्याचंच त्यांचं सगळं. मी देवयानीची, देवयानी तुझी, म्हणजे मीही तुझीच. विचार करा, काय युक्तिवाद आहे! ज्या नियमानं तिला वस्तू केलं त्याच नियमाची साखळी धरून ती राजापर्यंत पोचते. शिवाय त्याच एका वाक्यात ती देवयानीलाही वस्तूंच्या यादीत बसवते. राणी आणि दासी एका ओळीत. असं बोलायला दासीपण नुसतं सोसून चालत नाही, त्याचे नियम पाठ असावे लागतात.

खांडेकरांनी हा युक्तिवाद बाजूला ठेवला. त्यांच्याकडे शर्मिष्ठा आणि ययाति प्रेमानं जवळ येतात. देवयानीच्या संसारात कोरडेपणा, राजा एकटा, शर्मिष्ठा समजूतदार. विसाव्या शतकातल्या वाचकाला हे पटतं आणि गोडही वाटतं. पण यात शर्मिष्ठेचं दासीपण पुसलं गेलं. दासी राजाला नाही म्हणू शकते का, हा प्रश्न प्रेम आल्याबरोबर विचारायची गरज उरत नाही. आणि गंमत अशी, की अलकेच्या गोष्टीतही प्रेमच आहे, तिथेही हा प्रश्न उरत नाही. फक्त तिथे उत्तर राणी देते, विषानं.

दोघींनाही वाड्यातल्या मुख्य बाईचा धोका आहे. अलकेला ययातीच्या आईचा, शर्मिष्ठेला ययातीच्या बायकोचा. शर्मिष्ठेचं गुपित उघड होतं तेव्हा तिला मुलासकट वाड्यातून गुपचूप बाहेर काढलं जातं. ती वाचते. वर्षानुवर्षं हाल काढते, पण वाचते, आणि मुलगा पुरू वाढवते. अलका वाचत नाही. हा नशिबाचा फरक म्हणून सोडून देता येईल. मला तो तसा वाटत नाही. शर्मिष्ठेला वाचवण्यात राजाला रस आहे आणि ती कुणाची तरी मुलगी आहे हे सगळ्यांना माहीत आहे. अलका कलिकेची मुलगी, आणि कलिका त्याच वाड्याची.

पूल बांधताना आम्ही आधी बघतो की भार शेवटी कुठे उतरतो. खांब, पाया, खडक. इथे तसंच बघावं की प्रत्येक बाईचा भार शेवटी कुठे उतरतो, म्हणजे वेळ आली तर ती जाणार कुठे. मराठीत त्याला एक साधा शब्द आहे, माहेर. देवयानी रागावते आणि बापाकडे जाते. बाप शाप देतो आणि हस्तिनापूरच्या राजाची कंबर एका क्षणात वाकते. शर्मिष्ठेला माहेर आहे पण बंद आहे. ती परत गेली तर जे राज्य वाचवायला ती दासी झाली तेच धोक्यात येईल. अलकेला माहेरच नाही. तिचं जन्मघर आणि तिचं सासुरवासाचं घर एकच, आणि ते तिच्या मालकिणीचं. मला वाटतं या तीन बायकांची सामाजिक पायरी जन्मावरून किंवा वर्णावरून ठरवण्यापेक्षा यावरून ठरवली तर कादंबरी जास्त नीट कळते.

हे सुचायला देवासचं एक उदाहरण कारण झालं. देवास थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव पवार. 1908 मध्ये त्यांचं लग्न कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या कन्या अक्कासाहेब यांच्याशी झालं. मुलगा झाला, पुढे बेबनाव झाला, आणि राणीसाहेब कोल्हापूरला गेल्या त्या परत नांदायला आल्या नाहीत. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर 1921 मध्ये महाराजांचा खाजगी सचिव म्हणून देवासला राहिला. त्याच्या 1953 च्या ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात राजवाड्यातल्या ‘बाईसाहेबां’चा उल्लेख येतो. घरात मान त्यांचा, पण लग्नाच्या राणीचा दर्जा नाही. कोल्हापूर आणि देवास यांच्यातला दुरावा पुढे चिघळतच गेला. एका राणीचं माहेर केवढं मोठं असू शकतं याचं आपल्या मुलखातलं हे उदाहरण. बाईसाहेबांच्या बाजूनं कुठलं संस्थान उभं राहणार होतं?

खांडेकर 1938 पासून कोल्हापुरात राहत होते. त्यावरून कुणी असं समजू नये की मी ‘ययाति’ ही देवासची गोष्ट आहे असं सुचवतो आहे. तसा कुठलाही पुरावा नाही आणि असल्या जोडाजोडीचा मला कंटाळा आहे. सांगायचं एवढंच, की कादंबरी आली तेव्हा संस्थानं विलीन होऊन जेमतेम दहा-अकरा वर्षं झाली होती, तनखे चालू होते आणि दोन बायका करायला बंदी घालणारा हिंदू विवाह कायदा 1955 चा, म्हणजे चार वर्षांचा. पहिल्या वाचकांपैकी अनेकांनी पट्टराणी, नाटकशाळा, आंदणातली बाई हे शब्द घरच्या गप्पांत ऐकलेले होते. त्यांना हस्तिनापूर फार लांब वाटलं नसेल.

डहीच्या आसपास बघितलं तर माहेराचा हिशेब आणखी वेगळा दिसतो. भिलाला समाजात आणि भिलांत मुलीचं ‘दापा’ घेतात, म्हणजे पैसा मुलाकडून मुलीकडे जातो. बाई नवऱ्याला सोडून दुसऱ्याकडे गेली तर ‘झगडा’ म्हणून भरपाई ठरते आणि पंच बसतात. यात सगळं छान आहे असं अजिबात नाही. रक्कम पुरुषच ठरवतात आणि वाजवून घेतात. पण तिथे बाई घर सोडून निघू शकते हे गृहीत धरूनच नियम बनले आहेत. आंदणाच्या व्यवस्थेत ती निघेल हे कुणी गृहीतच धरलेलं नाही. भगोरियाच्या हाटात जाऊन आल्यावर ‘ययाति’ वाचा, वाड्याच्या भिंती किती जाड आहेत ते जाणवेल.

खांडेकरांच्या बाजूनं एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. त्यांना गुलामगिरीवर कादंबरी लिहायची नव्हती. त्यांचा विषय अनिर्बंध भोग हा होता. महायुद्धानंतरच्या काळात माणूस सुखामागे धावताना आतून कसा पोकळ होतो हे त्यांना दाखवायचं होतं. त्या रचनेत अलका म्हणजे ययातीनं गमावलेलं निर्मळ प्रेम, आणि तिच्या मरणातून त्याच्या घसरणीला वाट मिळते. मान्य. पण मग असं म्हणावं लागतं की भोगावर टीका करणारी कादंबरीसुद्धा अलकेला नायकाच्या कामापुरतीच वापरते. ययाति तिचा भोग घेतो असं खांडेकर म्हणत नाहीत, पण कथानक तिचा उपयोग करून घेतंच. राणीवर राग येतो, ययातीची कीव येते, आणि अलका? ती एक सोनेरी केस होऊन उरते.

हे अटळ नव्हतं. दोनच वर्षांनी, 1961 मध्ये, गिरीश कार्नाडांचं कन्नड ‘ययाति’ नाटक प्रसिद्ध झालं. त्यात देवयानीची दासी स्वर्णलता आहे. तिला नवरा आहे, तिच्यावर त्यानं घेतलेला संशय आहे, आणि ते दुःख ती स्वतःच्या तोंडानं सांगते. नाटकाच्या रचनेत ती लहानच आहे, पण ती राजाच्या आठवणीत राहत नाही, स्वतःच्या आठवणीत राहते. तीच कथा, तोच काळ, आणि दासीला ‘मी’ म्हणू देणं शक्य होतं. शिरवाडकरांचं ‘ययाति आणि देवयानी’ 1966 चं. नावातच सांगून टाकलं आहे की गोष्ट कुणाची.

शेवटी पुरूबद्दल. बापाचं म्हातारपण घेणारा हा मुलगा गादीवर बसतो आणि वाचकाला न्याय झाल्यासारखं वाटतं, दासीचा मुलगा राजा झाला! पण तो वृषपर्व्याचा नातू आहे. लेकावळ्यांना खऱ्या संस्थानांत गादी मिळायची नाही. पागेत काम, थोडी नेमणूक, फार तर एखादं गाव. मुलाची जागा आईच्या लग्नानं ठरे. अलका जगली असती आणि तिला ययातीपासून मुलगा झाला असता, तर तो पुरूसारखा हस्तिनापूरच्या दरबारात उभा राहिला असता का? मला तरी तसं चित्र डोळ्यांपुढे आणता येत नाही, आणि कादंबरीही ते आणायला मदत करत नाही.

मंडळातल्या सभासदांना एक विनंती. धार, देवास, इंदूर, बडनावर इकडच्या जुन्या मराठी घरांत लग्नाच्या याद्या अजून पेट्यांत पडून आहेत. दागिने, पातळं, तांब्या-पितळेची भांडी, पलंग, मेणा, घोडी, असा क्रम असतो. अशी यादी हाताशी आली तर भांड्यांनंतरच्या ओळी सावकाश वाचा. तिथे एखादं पहिलं नाव, नुसतं पहिलं, बापाच्या नावाशिवाय आणि आडनावाशिवाय आलं असेल तर त्या पानाचा फोटो काढून ठेवा आणि पुढच्या बैठकीला आणा.